बटणाचा हुंकारा

दीड एकर तुरीसाठी मी एका सकाळी तीन थ्रेशर बोलावले होते. कबूल करते. तीनच आले, कारण थ्रेशरवाल्याकडे तीनच होते. माझ्या अंगठ्याने किती मागितले होते ते त्याच्या फोनलाच ठाऊक.

ही माझी तरुणपणातली चूक. म्हणजे चार वर्षांपूर्वीची. तेव्हा मी साठी नुकतीच ओलांडलेली, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली, आणि संगणकातलं आपल्याला सगळं कळतं अशा पक्क्या समजुतीची बाई होते. नोकरीच्या शेवटी शेवटी सरकारने आम्हा शिक्षकांना संगणकाची परीक्षा द्यायला लावली होती. बरोबरचे गुरुजी माऊस हातात धरून घामाघूम होत होते तेव्हा मी पहिल्या झटक्यात पास झाले. ते प्रमाणपत्र चौकटीत घालून भिंतीवर लावलं, नवऱ्याच्या फोटोशेजारी. हार मात्र फक्त त्यांनाच घातला. तेवढी अक्कल शिल्लक होती.

त्या बाईचा आज मला फार राग येतो. पण हसूही येतं, म्हणून लिहून ठेवते.

आमचा बंजाऱ्यांचा तांडा घाटंजी तालुक्यात. घरात गोरमाटी आणि मराठी, दोन भाषा एकाच ताटात वाढलेल्या, त्यामुळे मुलगा मला याडी म्हणतो आणि नात आजी म्हणते, आणि दोघं मिळून माझं कोणीच ऐकत नाहीत. नात यवतमाळच्या कॉलेजात संगणकाचं शिकून परत आली होती. तिला वेबसाइटची पानं तयार करता येत. कोणतं अक्षर कुठे बसेल, कोणत्या रंगात दिसेल, बोट लावल्यावर काय होईल, हे सगळं ती आधी लिहून काढायची आणि मग ते काचेवर उमटायचं. तिचं म्हणणं, हे काम इथूनही होतं. पुण्याला कशाला जायचं? लाइट आणि नेट असलं की झालं.

“लाइट अन् नेट!” माझा मुलगा हसला. “दोन्ही एका टायमाले कधी पाह्यले तू तांड्यात?”

“दिवसातून दोन-तीन तास तं येतेच ना, बाबा.”

“दोन-तीन तासात कोनाचं पोट भरते? पुण्याले कंपनीत लाग. नाई तं बँकेच्या परीक्षेचा क्लास लाव. लोकं इचारून राह्यले मले, पोरगी शिकून घरी काहून बसली म्हणून.”

ती गप्प बसली नाही. तिने घाटंजीतल्या एका थ्रेशरवाल्याला गाठलं. त्याची तीन यंत्रं हंगामात गावोगाव फिरत. दिवसभर त्याचा फोन वाजत राही. कोणाचं गाव कोणतं, कोणाची तूर आधी, यात त्याचं डोकं फिरे. हिने त्याला सांगितलं, काका, मी तुम्हाला एक पान तयार करून देते. शेतकऱ्याने त्यावर गाव लिहायचं, पीक लिहायचं, किती एकर ते लिहायचं आणि खालचं हिरवं बटण दाबायचं. निरोप तुमच्या आणि तिन्ही ड्रायव्हरांच्या फोनवर येईल. जो मोकळा असेल तो ती मागणी आपल्याकडे घेऊन निघेल, एका मागणीला एकच थ्रेशर.

थ्रेशरवाला हो म्हणाला. मग बापलेकीचा करार झाला. हे पान तुरीच्या हंगामात चाललं तर पुढचं बोलू. नाही चाललं तर पेरणी व्हायच्या आत पुणे.

म्हणजे त्या एका हिरव्या बटणावर पोरीचं इथं राहणं टांगलेलं होतं. हे मला पूर्ण ठाऊक होतं. तरीही मी जे केलं ते केलं.

त्या दिवशी रविवार होता. पान तयार झालं होतं. तिने घरात सगळ्यांना बजावलं, “आज कोणी हात लावू नका. उद्या काका गावागावात सांगणार आहेत, मग चालू करू.”

आता मला सांगा, पहिली बोहणी कोणाच्या हातची व्हावी? घाटंजीच्या बाजारात एक बांगडीवाली होती. मी दिसले की ती आधीचं गिऱ्हाईक बाजूला सारून म्हणायची, बाई, तुमच्या हातची बोहणी होऊ द्या, दिवस चांगला जातो. ती सगळ्याच मास्तरणींना असं म्हणत असणार, हे मला आता कळतं. तेव्हा मात्र माझ्या हाताला यश आहे यावर माझा विश्वास होता. परक्या कोणाच्या हाताने पोरीचं काम सुरू होण्यापेक्षा आपल्याच हाताने व्हावं, तेही गुपचूप, आणि उद्या तिला कळावं की पहिली मागणी आजीचीच होती, असा माझा लाडिक बेत.

फोन घेऊन मी वावरात गेले. तुरीची गंजी रचून ठेवलेली होती. डोक्यावर ऊन. गंजीशेजारी उभी राहून मी सगळं नीट भरलं. नाव, गाव, पीक. नावापुढे ‘सेवानिवृत्त मुख्याध्यापिका’ असंही लिहिलं, कारण जागा शिल्लक होती. मग हिरवं बटण दाबलं.

काही झालं नाही.

म्हणजे भिंतीला बोट लावल्यासारखं. ना हललं, ना काही म्हणालं.

आता माझ्या आयुष्यात हिरवं बटण एकच होतं, विहिरीवरच्या मोटरचं. ते दाबलं की स्टार्टर खट् करतो, हाताला धक्का लागतो, मग मोटर गुरगुरते. लाइटचा दाब कमी असला तर मोटर उचलत नाही. मग काय करायचं, तर बटण जोरात दाबून धरायचं, सोडायचं, पुन्हा दाबायचं. उचलेपर्यंत. आमच्या भागात हे लहान लेकराला कळतं. तेच मी केलं. दाबून धरलं. सोडलं. पुन्हा दाबलं. जरा शिव्या दिल्या. पुन्हा दाबलं. मग वाटलं नेट नसेल, म्हणून हात उंच करून दाबलं. शेवटी कंटाळून फोन कमरेला खोचला आणि घरी आले. येताना मनाशी म्हटलंसुद्धा, पोरीला अजून बरंच शिकायचं आहे.

सोमवारी सकाळी पहिला थ्रेशर आला तेव्हा मी चहा पीत होते. नात दारात धावली. तिचं तोंड असं फुललं की मला माझ्या हाताचा अभिमान वाटला. तेवढ्यात नाल्याच्या बाजूने दुसरा आला. मग तिसरा, तो तर पार दूरच्या गावाहून, रात्रीचं काम आटोपून न झोपताच निघालेला. तांड्याच्या तोंडाशी तीन ट्रॅक्टर, तीन थ्रेशर, कुत्र्यांचा गोंधळ, आणि यात्रा भरल्यासारखी पोरंटोरं गोळा. ड्रायव्हर एकमेकांवर ओरडत होते.

“हे गाव माह्यं होतं बे!”

“तुह्यं कसं? माह्या फोनवर निरोप हाय, पाह्य!”

“अन् माह्यावर काय आरती आली काय?”

मी पदर तोंडावर घेऊन म्हटलं, “काय तरी बाई आजकालची यंत्रं!” अगदी खरं सांगते, असंच म्हटलं. आणखी थोडा वेळ मी तशीच निभावून नेली असती. पण तिसऱ्या ड्रायव्हरने फोन डोळ्याजवळ धरून मोठ्याने वाचलं, “सेवानिवृत्त मुख्याध्यापिका.”

सगळा तांडा माझ्याकडे वळला.

तांड्यात मुख्याध्यापिका दुसरी कोणी असती तर बरं झालं असतं.

एका यंत्राने आमची तूर काढली. दुसऱ्यासाठी मी स्वतः घरोघर फिरले, “तुमची तूर वाळली काय व? फुकट दारात आलाय थ्रेशर, घ्या काढून,” असं म्हणत. एका घरची निघाली. तिसरा बिचारा रिकामाच परत गेला. दुपारी थ्रेशरवाला स्वतः मोटरसायकलवर आला. माझ्याशी तो काही बोलला नाही, मास्तरणीशी कसं बोलणार? तो पोरीशी बोलला.

“पोरी, हे बंद कर. माहा फोनच बरा होता. फोनवर मानूस एकडाव बोलला की एकच थ्रेशर जाते.”

“काका, चूक दुरुस्त होईल.”

“अवं, आज तुह्या घरचंच मानूस होतं म्हणून चाललं. उद्या परक्याच्या गावात तीन थ्रेशर गेले तं लोकं मले दगड मारतीन.”

“येत्या बाजारापर्यंत थांबा. बाजाराच्या दिवशी मी घाटंजीला येते. तुम्ही स्वतः दाबून पाहा. नाही पटलं तर मीच काढून टाकते.”

त्याने हेल्मेट डोक्यावर चढवलं. मग “बाजारापर्यंत,” म्हणाला आणि गेला. माझा मुलगा ओट्यावर बसून सगळं ऐकत होता. तो बोटांवर पेरणीपर्यंतचे महिने मोजायला लागला. हे त्याच्या बोलण्यापेक्षा वाईट.

मला वाटलं होतं, पोरगी माझ्यावर चिडेल, अबोला धरेल. मी माफीची दोन वाक्यं तयारही ठेवली होती, त्यात एक सुभाषित होतं. पण ती संध्याकाळी माझ्याजवळ आली आणि म्हणाली, “आजी, काल जिथे उभी होतीस तिथेच उद्या उन्हात चल. आणि जसं दाबलंस तसंच दाब. निरोप जाणार नाही, मी बंद केलाय.”

“आता कायले?”

“चल ना व.”

दुसऱ्या दिवशी उन्हात तिने मला गंजीच्या जागी उभं केलं. मी दाबत होते आणि ती फोनकडे पाहतच नव्हती. माझ्या अंगठ्याकडे पाहत होती. मग स्वतः डोळे बारीक करून तिने फोन हातात घेतला, उन्हात धरला, आणि कपाळावर हात मारला.

तिने मला जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. मी जितक्यांदा दाबलं तितक्या वेगळ्या मागण्या गेल्या होत्या, आणि तिन्ही ड्रायव्हरांनी एकेक उचलली होती. बटणाला वेगवेगळ्या वेळचे वेगवेगळे कपडे देता येतात. नुसतं पडून असताना एक. संगणकावर माऊसचा बाण वरून फिरत असताना दुसरा. आणि बोट किंवा बाण त्याला दाबून धरतो तेवढ्या क्षणापुरता तिसरा. बोट उचललं की तो तिसरा उतरतो. तो तिसरा कपडा तिने दिला होता. पण दिला कसा, तर हिरव्याला जरासा गडद हिरवा. घरात, पंख्याखाली, लॅपटॉपच्या काचेवर तो फरक तिला छान दिसत होता. वावरात, उन्हात, चरे पडलेल्या माझ्या फोनवर हिरवा आणि गडद हिरवा दोन्ही सारखेच. आणि जो काही फरक होता तो माझ्या अंगठ्याखाली झाकलेला.

“म्हणजे चूक तुही की माही?” मी लगेच विचारलं.

“दोघींची. पण तुझी जास्त मजेची.”

मग तिचे ते दिवस सुरू झाले. लाइट असेल तेव्हा ती लॅपटॉपसमोर, नसेल तेव्हा कागदावर काहीतरी खरडत. आधी तिने दाबल्यावरचा रंग भगवा केला, झेंड्यासारखा. मला बोलावलं. दाबलं तर हिरवंच. तिने दाबलं तर हिरवंच. तासभर ती स्वतःशी पुटपुटत होती. मग हसायला लागली. रंग बदलताना तिच्याकडून बाण वरून फिरतानाचा नियम खाली गेला होता आणि दाबल्याचा वर. फोन बोटालाच बाणही समजतो, म्हणून दोन्ही एकाच वेळी लागू होतात, आणि मग खालचा वरच्याला मोडतो. नंतर बोललेलं चालतं.

“हे तं आपल्या घरासारखं हाय,” मी म्हटलं. “म्हणूनच मी सगळ्यांचं झाल्यावर बोलते.”

तिने दाबल्याचा नियम सगळ्यात शेवटी नेऊन ठेवला आणि भगवं दिसायला लागलं. पण अंगठ्याच्या आड. मग तिला वाटलं, बटण आत दबलेलं दाखवू, खरं बटण दबतं तसं. तिने असं काही केलं की दाबल्याबरोबर बटण लहान व्हायचं आणि खालचं सगळं वर सरकायचं. बोअरवेलवर पाण्याला आलेल्या बायकांना तिने फोन दिला. पहिलीने दाबलं. बटण तिच्या बोटाखालून निसटलं, आणि बोट उचललं तोवर तिथे ‘रद्द करा’ येऊन बसलेलं.

“माय व, हे तं आमच्या गायीसारखं हाय!” ती म्हणाली. “दूध काढायले बसलं की सरकते.”

दुसरीने दाबलंच नाही. म्हणाली, “मी नाई. बाईनं दाबलं तं तीन थ्रेशर आले. मी दाबलं तं काय येईन, कोनाले मालूम.”

बायका पोट धरून हसल्या. मीही हसले. पण पोरीकडे पाहिलं तेव्हा ती हसत नव्हती. तिने फोन परत घेतला, पुसला, आणि घरी येऊन लॅपटॉप बंद करून बसली. बाजाराला एकच दिवस उरला होता.

त्या दुपारी मी नवी तूर पाखडत होते. ती समोर, लॅपटॉप मांडीवर पण बंदच. तिचं मन दुसरीकडे जावं म्हणून मी तिला माझीच एक जुनी गोष्ट सांगायला घेतली. माझी सासू गोष्टी फार सांगायची. आमच्याकडे गोष्ट ऐकणाऱ्याने हुंकारा द्यायचा असतो. सांगणारीने एक वाक्य टाकलं की ऐकणारीने ‘हूं’ म्हणायचं. हूं आलं नाही तर गोष्ट थांबते. माणूस झोपलं किंवा उठून गेलं असं समजायचं. लग्नानंतर नव्यानेच मी एका रात्री सासूची गोष्ट ऐकत होते. दिवसभर कापूस वेचून डोळे मिटत होते, पण हुंकारा मी सोडला नाही. झोपेतही देत राहिले. हूं. हूं. हूं. सासूच्या लक्षात आलं. राजाराणीच्या मधेच ती म्हणाली, “उद्या पहाटे उठून सगळी ज्वारी तू एकटी दळशील ना?” मी म्हटलं, हूं. सकाळी जातं माझी वाट पाहत होतं, आणि सगळ्या नणंदा साक्षीदार होत्या.

हे सांगून मी थांबले. पुढे कोणीतरी हसायला हवं होतं. ती गप्प.

“हुंकारा दे ना व, पोट्टे! मी भिंतीशी बोलून राह्यली काय?”

तिने मान वर केली. “आजी, तू थांबलीस काहून?”

“तू हूं म्हटलं नाई म्हणून.”

“आणि परत तेच वाक्य म्हणणार होतीस ना? मी ऐकलं नाही असं वाटून?”

“म्हणनारच. ऐकलंच नाई तं.”

ती एकदम उभी राहिली. सुपातली तूर सांडली तिच्या पायाने. “हुंकारा डोळ्याला दिसत नाही, कानाला येतो,” ती म्हणाली. “गोष्ट सांगणाऱ्याचं तोंड जिथे आहे तिथे तो नसतो. समोरून येतो. मी वेडी, तुझ्या बोटाखालीच रंग लावत बसले.”

मला तेव्हा काही कळलं नाही, पण मी शहाण्यासारखी मान हलवली. आजही लोकांना मी सांगते की ही युक्ती मीच दिली. खरं सांगायचं तर मी फक्त एक गोष्ट सांगितली होती आणि तीही लांबवून.

तिने काय केलं, तर बटण जिथल्या तिथे ठेवलं. लहान नाही, मोठं नाही, हलायचं नाही. त्याच्याभोवती, अंगठ्याच्या बाहेर, एक जाड काळं कडं आणलं. बोट टेकलं की कडं उमटायचं, बोट उचललं की जायचं. ते जागा घेत नव्हतं, म्हणून शेजारचं काही सरकत नव्हतं. आणि हिरव्या बटणाभोवतीचं काळं कडं उन्हातही दिसायचं, आमच्या चरे पडलेल्या काचेवरही.

“पण एक राहिलं,” ती म्हणाली. “तू सासूला झोपेत हूं म्हणालीस. म्हणजे हूं म्हटलं म्हणजे काम झालं असं नाही. नुसतं ऐकलं.”

म्हणून कडं गेल्यावर बटणावरची अक्षरं बदलून ‘पाठवत आहे, थांबा’ अशी झाली, आणि तोवर बटण दुसऱ्यांदा दाबताच येईना. निरोप पोचला की ‘मिळालं’, आणि त्यानंतरही बटण बंदच. नेट नसलं तर ‘गेलं नाही, नंतर दाबा’. माझ्यासारख्या स्टार्टरवाल्यांसाठी हा वेगळा बंदोबस्त.

मला मात्र त्यातलं एक फार आवडलं. दाबून धरलेलं असताना मन बदललं, तर बोट न उचलता तसंच बाजूला सरकवायचं आणि मग उचलायचं. कडं गुपचूप नाहीसं होतं आणि काहीच जात नाही. हे तिने मुद्दाम केलं नव्हतं, म्हणे फोनचा असाच कायदा असतो. मी दिवसभर तेच करत बसले. दाबायचं, कडं बघायचं, आणि सरकून पळायचं. मला पाहायला आले होते तेव्हा वडिलांनी विचारलं, पसंत आहे का? मी वर न बघताच हूं म्हणून मोकळी झाले होते. तेव्हा असं सरकता आलं असतं का, असा विचार आला. सरकले नसतेच म्हणा, माणूस चांगला होता. पण थोडं दाबून धरलं असतं. जरा वाट बघायला लावली असती.

बाजाराच्या दिवशी आम्ही दोघी घाटंजीला गेलो. मुलगाही आला. त्याला कापसाच्या भावाची चौकशी करायची होती असं तो म्हणाला. थ्रेशरवाला चहाच्या टपरीपाशी उभा होता, आजूबाजूला चार-पाच शेतकरी. पोरीने त्याला आपला फोन दिला. त्याने ‘थ्रेशर पाठवा’ लिहिलेल्या बटणावर अंगठा ठेवला आणि धरूनच ठेवला. बाकीचे वाकून बघत होते.

“गोल आला,” एकजण म्हणाला.

“आला ना. म्हणजे घेतलं त्यानं.”

थ्रेशरवाल्याने अंगठा उचलला. अक्षरं बदलली. मग त्याच्या खिशातला दुसरा फोन एकदाच वाजला. तो वाट पाहत राहिला. आम्ही सगळेच वाट पाहत राहिलो. तो पुन्हा वाजला नाही.

त्याने मुद्दाम पुन्हा दाबलं. बटण दबलं नाही. पोरीने पान नव्याने उघडून दिलं, तेव्हा त्याने फोन शेजारच्या म्हाताऱ्याला दिला. म्हाताऱ्याचे हात कापसाच्या बोंडांनी ओरबाडलेले, बोटाला काच लवकर ओळखत नाही. त्याने पहिल्यांदा टेकवलं तर कडं आलंच नाही. त्याने बोट धोतराला पुसलं, पुन्हा टेकवलं. कडं आलं. त्याने बोट लगेच उचललं.

“काहून उचललं, बाबा?” पोरीने विचारलं.

“आला ना गोल. आता कायले दाबू?” म्हातारा म्हणाला, जणू तिने भलताच प्रश्न विचारला.

थ्रेशरवाल्याने फोन पोरीच्या हातात दिला. मग तो माझ्याकडे वळला, त्या प्रकरणानंतर पहिल्यांदाच. “बाई,” म्हणाला, “चहा घ्या. तुमच्यामुळं माह्ये तीन थ्रेशर हिंडले, पण बरं झालं. परक्याच्या गावात हे झालं असतं तं मी पानच फाडून फेकलं असतं.” पान फाडता येत नाही हे सांगायचा मोह मी आवरला. चहा दोन कप घेतला.

तो हंगाम पानावर गेला. एखाद्या दिवशी नेट गेलं की लोक पुन्हा फोन करत, एकदा एका ड्रायव्हरने चुकीच्या तांड्याला यंत्र नेलं, ते काही बटणाच्या हातात नव्हतं. पण दोन थ्रेशर एका दारात पुन्हा गेले नाहीत. राळेगावकडच्या एका ट्रॅक्टरवाल्याने पोरीला बोलावलं. मग यवतमाळच्या एका रोपवाटिकेने. ती एसटीने जायची, पाहून यायची आणि ओट्यावर, दारात, जिथे जागा मिळेल तिथे मांडीवर लॅपटॉप घेऊन बसायची. पुण्याचं नाव घरात कोणी काढत नव्हतं, पण कोणी मिटवूनही टाकलं नव्हतं. माझा मुलगा तसा आहे. हो म्हणायला त्याला फार वेळ लागतो. हा गुण माझ्याकडून नक्कीच गेलेला नाही.

पेरणीच्या आधीचे दिवस. सकाळी मी उठले तर पुढच्या खोलीतून धपधप आवाज येत होता. आमच्याकडे कापूस वेचून झाला की पुढच्या खोलीत छतापर्यंत भरून ठेवतात आणि भाव वाढायची वाट पाहतात. त्या वर्षी भाव वाढेल असं सगळेच म्हणत होते, माझा मुलगा सगळ्यांत जास्त. आणि तोच आता कमरेपर्यंत कापसात उभा राहून गठ्ठे बांधत होता. बाहेर गाडी उभी होती. केसांत, मिश्यांत सगळा कापूस.

“काय करून राह्यला रे?” मी विचारलं. “भाव वाढायचा होता ना? आणखी महिनाभर थांबणार होता ना तू?”

त्याने गाठ दाताने आवळली, गठ्ठा दाराकडे ढकलला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला, “याडी, भावाची वाट पाह्यत बसलो तं पोरगी टेबल कुठी मांडन?”